‘अफ्रेड’ लावायचा कुठे?

मी ‘अफ्रेड’ बोलतोय. अर्थ सांगतो, भ्यालेला. नावावर जाऊ नका, मी कुणाच्या बापाला भीत नाही.

जन्म जुन्या कॅलेंडरच्या पाठीवरचा. लेकीने कागदाचे तुकडे कापले, जाड पेनाने एकेक इंग्रजी शब्द लिहिला आणि ज्याचा त्याला चिकटवला. दाराला ‘डोअर’, खुर्चीला ‘चेअर’. बापाचा जन्म लेथ मशीनवर गेलेला, शाळेशी त्याचं कधी जमलं नाही. या इंग्रजी बोलणाऱ्या परक्या गावात त्याचं अडू नये, एवढंच.

माझ्यापाशी येऊन लेकच अडली. आई म्हणाली, “ह्यांच्या कपाळाला लाव.”

“मी कशाला भिऊ? तुझ्याशी संसार केलाय,” बाप म्हणाला.

सगळे हसले. मी मात्र बेघर. शेवटी त्याने मला चष्म्याच्या घरात कोंबलं.

‘वॉटर’, ‘ब्रेड’ रोज तोंडी. मला कोण विचारतो? दुखतंय म्हणायला माणसं तयार, भ्यालोय म्हणायला जीभ रेटत नाही. बँकेतली बाई मात्र मला उठसूट वापरायची. “आय ॲम अफ्रेड, आज काम होणार नाही.” ती कसली भितेय! नाही म्हणायचं जिवावर आलं की मला पुढे ढकलतात.

मग आईच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. लेक खाली सह्या करायला गेलेली, तेवढ्यात नर्स आईला न्यायला आली. आत नातेवाइकांना मनाई. बाप स्ट्रेचरचा दांडा सोडेना. शिकलेलं सगळं विसरला. चष्म्याच्या घरातून मला काढून त्याने नर्सपुढे धरलं.

नर्स आईचा हात थोपटून तिलाच धीर देऊ लागली.

“अहो, तिला वाटतंय मी भ्यालेय,” आई म्हणाली. “नीट सांगा की.”

बापाने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. “आय. आय अफ्रेड.”

मधला ‘ॲम’ गळाला, गळू दे. इतका खरा मी पुन्हा कुणाच्या तोंडी आलो नाही. नर्सने त्याला टोपी, मास्क दिला. आईला गुंगी येईपर्यंत तो हात धरून उभा होता.

ती बरी झाली. पुढे दोघं मनसोक्त भांडली. काय दिवस होते!

आता बाप नाही. बाकीच्या चिठ्ठ्या कधीच गळाल्या. मला आईने उशाशी ठेवलंय. लेक फोनवर विचारते, एकटीला राहवतं ना गं? आई म्हणते, “मला काय धाड भरलीय?”

फोन ठेवला की रात्रभर दिवा चालूच ठेवते.

बाई, माझी शाई उडत चाललीय. मला जपून काय करतेस? लेकीला एकदा म्हणून टाक.