त्रेचाळीस सेंटिमीटर

तिपाईचे पाय दगडांत घट्ट रोवून मुलीने वर दुर्बीण बसवली, काचेतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत स्क्रू फिरवले आणि मान न उचलता ती म्हणाली,

"बाबा, काठी खुणेवर धरा. सरळ."

मोजणीदाराने आकडे रंगवलेली उंच मोजकाठी उचलली आणि कड्याच्या पायथ्याशी खडकात कोरलेल्या बाणावर टेकवली. एकतीस वर्षांत त्याच्या हातात काठी कधी हलली नव्हती. आज हलत होती.

"हलवू नका हो."

"वारा आहे," तो म्हणाला. वारा अजिबात नव्हता.

वर हिमनदी, खाली तिच्या वितळलेल्या पाण्याचं तळं, आणि तळ्याला अडवून धरणारा दगडमातीचा बांध. हा बांध कुणी बांधलेला नव्हता. हिमनदीनेच कधीकाळी आणून टाकलेला तो ढिगारा होता, आणि त्याच्या पोटात अजून जुना बर्फ होता. बांधाखालून झिरपणारं पाणी ओढा होऊन खाली गावात जायचं. तळ्यात उभ्या केलेल्या लोखंडी पट्टीवर पाण्याची पातळी वाचायची आणि दर सोमवारी वायरलेसवर ती खाली कळवायची, एवढंच मोजणीदाराचं काम. पुढच्या महिन्यात तो निवृत्त होणार होता. पट्टीच्या जागी आता आपण होऊन आकडे पाठवणारं यंत्र बसणार होतं. त्या यंत्राला एकदाच एक गोष्ट सांगावी लागते: खडकावरच्या खुणेपासून पट्टी किती खाली आहे. ते मोजायलाच त्याची इंजिनीअर मुलगी सकाळी वर आली होती.

आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. पट्टी कागदावर होती तिथे नव्हती.

पाच उन्हाळ्यांपूर्वी बर्फाच्या लाद्यांनी तिला आडवं केलं होतं. ती पुन्हा उभी करताना मोजणीदाराने जुन्या जागी लावली नाही. आधीचे तीन आकडे त्याने पट्टी न बघताच खाली कळवले होते, आणि प्रत्यक्षात पाणी त्यांच्या पुष्कळ वर गेलं होतं. म्हणून कळवलेल्या आकड्याला पाणी टेकेल अशा बेताने त्याने पट्टीच वर बसवली. किती वर, ते त्याने मोजलं नाही. मोजलं असतं तर लपवावं लागलं असतं.

मग दर सोमवारी तो इमानेइतबारे त्याच पट्टीवरचा आकडा वाचत राहिला. तळं उन्हाळ्यात चढतं, थंडीत उतरतं. ऑफिसला तेवढंच हवं असतं, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. ती चार वर्षं पुरली. गेल्या वर्षी मुलीची बदली याच खात्यात झाली आणि यंदा तिचा रिपोर्ट आला. भर उन्हाळ्यातसुद्धा बांधाच्या काठापर्यंत एकशे दहा सेंटिमीटर शिल्लक राहतात, तेव्हा ओढ्याकाठची शाळा थंडीपर्यंत हलवण्याची गरज नाही. रिपोर्टवर तिचं नाव बघून म्हाताऱ्याची छाती फुगली आणि आकडा वाचून त्याने कागद पालथा घातला. सांगू, सांगू म्हणता दोन महिने गेले. त्यातच ऑफिसने कळवलं, एकही सोमवार न चुकवल्याबद्दल तुमचा सत्कार करायचा आहे. मग तर तोंड उघडणं जिवावरच आलं.

"आता पट्टीवर," मुलगी म्हणाली.

तो विजार दुमडून पाण्यात उतरला. गुडघ्यापर्यंत सुया टोचल्यासारखं झालं. पट्टीच्या माथ्यावर काठी टेकवून तो उभा राहिला. मुलीने आकडा घेतला, वहीत वजाबाकी केली, खोडली, पुन्हा केली.

"काहीतरी चुकतंय माझं."

"किती आलं?"

"त्रेचाळीस सेंटिमीटरचा फरक. पट्टी काय पाय फुटून वर चढली होय?" ती हसली.

तोही हसला. ते हसू तोंडावर असतानाच त्याला स्वतःची शिसारी आली.

तिने दुर्बीण काढली, पुसली, पुन्हा बसवली. तो पाण्यातून बाहेर आला, खुणेवर काठी धरली, पुन्हा पाण्यात गेला. ऊन कडक होतं. गेले नऊ दिवस असंच होतं; हिमनदीवर जिकडेतिकडे पाणी वाहण्याचा आवाज येत होता. दुपारी चारच्या सुमाराला त्या पाण्याचा भर असतो, हे त्याला घड्याळाशिवाय कळायचं. आत्ता साडेदहा झाले होते.

"पुन्हा त्रेचाळीस," ती म्हणाली. आता ती हसत नव्हती. "पहिल्या वर्षाची पोरंसुद्धा इतकी ढोबळ चूक करत नाहीत. साहेब मला दारात उभं करणार नाहीत."

"थकली असशील. सकाळी किती चढून आलीस."

"थकल्याने त्रेचाळीस सेंटिमीटर येत नाहीत, बाबा."

ती स्वतःलाच दोष देत होती आणि तो देऊ देत होता. लहानपणी गणित चुकलं की ती अशीच खालचा ओठ चावायची. तेव्हा तो शेजारी बसून म्हणायचा, थांब, बघू दे मला. आज तो पाच पावलांवर काठी धरून उभा होता.

तेवढ्यात वर कुठेतरी तोफ उडावी तसा आवाज झाला. हिमनदीच्या तोंडाचा एक तुकडा सुटून तळ्यात कोसळला. तुकडा काही फार मोठा नव्हता. असे उन्हाळ्यात पडतातच. गुडघ्याएवढी लाट उठली, तळं ओलांडून बांधावर चढली, सगळ्यात खोलगट जागी काठावरचे दगड भिजवून मागे फिरली. पलीकडच्या उतारावर दोन-चार ओघळ गेले, तेवढंच.

मुलगी त्या ओल्या दगडांकडे बघत राहिली.

"एवढी वर जायला नको होती," ती सावकाश म्हणाली. "एकशे दहा शिल्लक आहेत ना. काठाला लागायचं कारणच नाही."

ओले दगड उन्हात चकचकत होते, आणि ती बोट लावून काहीतरी मोजत होती.

"खाली आज शाळा आहे," ती म्हणाली. कोणाला असं नाही, स्वतःशीच. "बालवाडीची पोरं ओढ्यावर होड्या सोडायला नेणार होते. आपलं कार्टं पहाटेपासून कागद फाडत बसलं होतं."

नातीचा विषय निघाला तसा तो मुलीकडे दोन पावलं गेला. आता सांग, तो स्वतःला म्हणाला. पण मुलगी तोवर तिपाईपासून उठली होती आणि बूट काढत होती.

"आपण जागा बदलू. काठी मी धरते, तुम्ही दुर्बिणीत बघा. माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही आता."

"मला कुठे ती दुर्बीण..."

"मधली आडवी रेघ ज्या आकड्यावर असेल तो वाचायचा. तुम्ही वाचाल तो मी धरून चालणार. तुमचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ."

हे ती चेष्टेने बोलली नाही. ती लहान असल्यापासून घरात सगळे हेच म्हणायचे, आणि तिने ते कधीच सोडलं नव्हतं.

खुणेवरचा आकडा त्याने बरोबर वाचला. तिथे खोटं बोलण्यासारखं काही नव्हतं. मग ती पाण्यात उतरली, थंडीने श्वास ओढून घेतला आणि पट्टीवर काठी धरली. त्याने डोळा लावला. गोल काचेत काठीचा तुकडा दिसत होता, लाल-काळे आकडे, आणि काठीला घट्ट धरलेली तिची बोटं. कागदाशी जुळायला कोणता आकडा यायला हवा, हे त्याला तोंडपाठ होतं. तो उच्चारला की झालं. ती सुटकेचा श्वास टाकेल, आपलीच चूक म्हणून वहीत लिहील, यंत्राला पट्टीची जुनीच उंची दिली जाईल, आणि ते यंत्र एकही सोमवार न चुकवता त्याचं खोटं खाली कळवत राहील.

"बाबा, पाय बधिर होतायत. वाचा ना."

त्याने वाचला. काचेत होता तोच.

तिने मनात वजाबाकी केली. तिचे ओठ हलताना त्याला काचेतून दिसले.

"पुन्हा त्रेचाळीसच."

"तुझं काही चुकलेलं नाही," तो दुर्बिणीवरचा डोळा न काढता म्हणाला. "पट्टी मी वर लावली. पाच वर्षं झाली."

ती तशीच पाण्यात उभी राहिली. काठी तिच्या हातात जराही हलली नाही.

"म्हणजे सदुसष्ट," शेवटी ती म्हणाली. "काठाला सदुसष्ट सेंटिमीटर उरलेत. एकशे दहा नाही."

"हो."

"आणि मी शाळा चालू ठेवायला सांगितली."

त्याने ओरडा खायची तयारी केली होती. तिने ओरडावं असं त्याला मनापासून वाटत होतं. दोन शब्द सुनावले असते तर त्याला मान तरी खाली घालता आली असती. ती पाण्यातून बाहेर आली आणि अनवाणीच दगडांवरून झोपडीकडे निघाली, वायरलेस होता तिकडे. तो मागोमाग गेला.

"ऐक ना. यंदाच्या बर्फाने सरकली म्हण. कोणी विचारणार नाही. तुझ्यावरही यायला नको."

"यंदा सरकली म्हटलं की मागची चार वर्षं खरी ठरतात, बाबा. बांध किती पाणी पेलतो ते गणित त्याच वर्षांवर उभं आहे. पुन्हा चुकीचंच गणित करायचं?"

हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, आपण एक आकडा लपवतोय.

पहिल्या दोन हाकांना फक्त खरखर आली. तिसरीला साहेबांचा आवाज आला.

"शाळा आत्ताच्या आत्ता रिकामी करा, साहेब. ओढ्याकाठची घरंही. सगळ्यांना वरच्या रस्त्यावर आणा. दुपारचं पाणी चढायच्या आत."

"काय झालं? तुमच्याच रिपोर्टमध्ये तर..."

"रिपोर्ट चुकीचा आहे. काठाला सदुसष्टच उरलेत, आणि वरून बर्फ पडतोय. तीनदा मोजलंय. जबाबदारी माझी, पण आधी पोरं हलवा."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, कोणाला तरी हाका गेल्या, कुठेतरी फोन लावला गेला. मुलगी वायरलेसच्या टेबलाला दोन्ही हातांनी धरून उभी होती. पायांखाली पाण्याचं थारोळं साचलं होतं. मोजणीदाराने आपलं कोरडं उपरणं तिच्यापुढे केलं. तिला ते दिसलं नसावं. त्याने ते टेबलावर ठेवलं.

किती वेळ गेला कोण जाणे. साहेब परत आले तेव्हा त्यांना धाप लागली होती.

"पोरं ओढ्याकडे निघाली होती. फाटकातूनच मागे फिरवली. सगळी वर चालली आहेत, मास्तर मोजून घेतायत. घरांकडे माणसं धावली."

मुलगी खाली बसली. स्टुलावर बसायला गेली आणि जमिनीवरच बसली. मोजणीदाराने भिंतीला पाठ टेकली.

"आता हे सांगा," साहेब म्हणाले, "आकडे नक्की कधीपासून चुकीचे आहेत? तारीख हवी मला. बांधाचं गणित पुन्हा करायचंय; तळं उपसायला वर किती पंप चढवायचे ते त्यावर ठरेल."

मुलीने मान वळवून वडिलांकडे पाहिलं.

"थांब," तो म्हणाला. "तोंडी नको. लिहूनच देतो."

फळीवरून त्याने पाच वर्षांपूर्वीची वही काढली. पान शोधावं लागलं नाही. तीन सोमवार, तीन आकडे, तिन्ही एकाच शाईत आणि एकाच दमात लिहिलेले. शेऱ्याचा रकाना कोरा होता. उकिडवा बसून, मांडीवर वही घेऊन तो बराच वेळ लिहीत होता. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं. मग त्याने वही तिच्या हातात दिली आणि विजारीचं ओलं टोक पिळत बसला.

ती वायरलेसपाशी उठून उभी राहिली आणि मोठ्याने वाचू लागली.

"नऊ जुलैपासून..."

ती थांबली. रजा मिळाली, असं त्याने तिला तेव्हा सांगितलं होतं. हॉस्पिटलात तिच्या उशाशी बसून, सहज सांगावं तसं. तिने ते खरं मानलं होतं.

"हॅलो? ऐकू येत नाही," साहेब म्हणाले.

"नऊ जुलैपासून सलग तीन सोमवार मोजणीदार तळ्यावर हजर नव्हता. वायरलेस बिघडल्याचं सांगून आकडे शहरातून फोनवर अंदाजाने कळवले. परत आल्यावर पट्टी आडवी पडलेली होती. कळवलेल्या आकड्याशी जुळवून ती वर बसवली. खात्याला सांगितलं नाही."

"तीन आठवडे तळं सोडून हा माणूस होता कुठे? कारण काय लिहिलंय?"

तिने वडिलांकडे पाहिलं. तो विजारीचं टोक पिळतच होता. त्यात आता पाणी राहिलं नव्हतं.

"खरं तेच लिहिलंय," तो म्हणाला. "वाच."

"कारण," तिने वाचलं, "मुलीचं अवघड बाळंतपण. घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं."

"कोणाचं बाळंतपण?" साहेबांनी विचारलं.

"माझं," ती म्हणाली, आणि त्यांनी नीट ऐकलं नसेल म्हणून पुन्हा म्हणाली, "माझं, साहेब. लिहून घ्या."