भांडखोर पेटी

अंगणातला खड्डा धुमसत होता आणि त्यात मावशीच्या सगळ्या मधपेट्यांची राख होत होती. सगळ्या म्हणजे, एक सोडून! ती काकांनी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे दडवली होती.

"हा अळ्या सडवणारा रोग लाकडातही वर्षानुवर्षं टिकतो," मधमाशी खात्याच्या निरीक्षकबाई म्हणाल्या. "जाळलंत ते बरं केलंत. उद्या सरकारकडून नव्या माश्या येतील. आता एकही जुनी पेटी नाही ना?"

"छे हो, औषधालासुद्धा नाही!" काकांनी ठोकून दिलं.

बाई हात धुवायला वळल्या तशी मावशी कुजबुजली, "अहो, गच्चीवरची..."

"ती ठणठणीत आहे! एवढी तरी राहू दे गं." काकांचा आवाज चिरकला. त्या पेटीचं नावच 'भांडखोर'. तिच्यातल्या माश्या काकांच्या नाकावर कितीदा डसल्या, तरी त्यांच्या लाडक्या.

मावशीला मात्र भलतंच आठवलं होतं. थंडीत भांडखोर उपाशी पडली, तेव्हा पहिल्या मेलेल्या पेटीतली मधाची चौकट तिनेच उचलून हिच्यात ठेवली होती. चांगला मध वाया कशाला घालवा! पेटी रोगाने मेली हे तेव्हा कुणाला माहीत होतं? आता ही आजारी असली, तर नव्या माश्या तोच मध चोरून नेणार आणि पुन्हा हाच खड्डा.

ती धावतच वर गेली. पेटी उघडली. एका अळीघराचं झाकण खचलेलं दिसलं. काडेपेटीतली काडी आत घालून तिने हळूच ओढली.

तपकिरी, चिकट तार निघाली. बोटभर लांब.

हीच त्या रोगाची खूण. एक माशी मावशीच्या मनगटावर कडकडून डसली. "भांड बाई, भांड," ती म्हणाली. मग कठड्यावरून ओरडली, "बाई, वर या! एक राहिलीय!"

"अगं, काय केलंस हे!" खाली काकांनी कपाळावर हात मारून घेतला.

संध्याकाळी सगळ्या माश्या घरी परतल्यावर पेटीच्या दारात गवताचा बोळा काकांनीच कोंबला. मावशीला हातही लावू दिला नाही.

त्यांनीच ती खाली नेली आणि खड्डा पुन्हा पेटला. तेवढ्यात उशीर झालेली एक माशी पायांना पिवळे परागकण लावून आली आणि दार शोधत गच्चीभर भिरभिरली. शेवटी खाली येऊन खड्ड्याशी उभ्या काकांच्या नाकावर बसली.

काकांनी तिला हाकललं नाही.