आपोआप तुटलेलं हँडल

आमच्या धाकट्या दिरांच्या हातून कधीच काही तुटत नाही. ते आपोआप तुटतं. आमच्या जुन्या पिकअपचा आरसा आपोआप तडकला, सीट आपोआप जळली. आज सकाळी मी मागच्या फाळक्याचं हँडल ओढलं आणि ते तुटून माझ्या हातात आलं, तेव्हा म्हणाले, "वहिनी, तुमच्या हातून तुटलं खरं, पण मनाला लावून घेऊ नका. जुनं होतं, आपोआपच गेलं." म्हणजे माफीसुद्धा मलाच!

आमचा धंदा गाद्यांचा. बाराच्या आत एका नव्या वसतिगृहात वीस गाद्या पोचवायच्या होत्या. पसंत पडल्या तर आणखी दोनशेंचं काम मिळणार होतं. ह्यांनी नवं हँडल आणलं, भोकातून पक्कड घालून आतल्या दोन्ही सळ्या ओढल्या, फाळका खाली पाडला आणि त्याच्या आतल्या बाजूचा पत्रा सोडवायला बसले. आठ स्क्रू. मी ते डब्याच्या झाकणात मोजून ठेवत होते. दीर पायरीवर बसून केळं खात होते.

"दादा, आटप लवकर. संध्याकाळी गाडी लागेल मला. पुस्तकांचे गठ्ठे न्यायचेत, मागच्यासारखेच."

"ने की," हे म्हणाले. धाकट्या भावाला 'नाही' म्हणायला ह्यांची जीभ कधी वळलेलीच नाही.

आठवा स्क्रू निघाला, पत्रा सुटला, आणि आतून असा भपकारा आला की हे दोन पावलं मागे सरले. पोकळीत काळी, चिकट राड साचली होती. तिच्यात माशांचे खवले चमकत होते आणि पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या.

"पुस्तकं फारच ताजी होती म्हणायची, भावजी," मी म्हटलं.

"छे हो, काहीतरी पडलं असेल. आपोआप कुजलं." केळं मात्र संपवलं त्यांनी.

ह्यांनी जुन्या हँडलचा तुकडा उचलून उजेडात धरला. तुटलेल्या कडेवर गोंदाचा पिवळा थर वाळला होता. म्हणजे ते आधीच मोडलेलं होतं. नीट चिकटवून, माझ्या हाताची वाट बघत ठेवलेलं.

जुन्या चमच्यानं ती घाण मीच खरवडली. ह्यांनी नवं हँडल बसवलं, दोन्ही सळ्या अडकवल्या, पत्रा लावण्याआधी ओढून पाहिलं. खट्! दोन्हीकडच्या कड्या एकदम सुटल्या. काम चोख. पण सहा बादल्या पाणी ओतूनही वास हटेना. दुसरी गाडी मिळेना, म्हणून गाद्या दुहेरी प्लास्टिकमध्ये गुंडाळून नेल्या.

वसतिगृहाच्या बाईंनी पहिल्याच गादीला नाक लावलं. "ह्यावर आधी कोण झोपलं होतं?"

वीसच्या वीस गाद्या परत आल्या. दोनशेंचं तर नावच नको.

संध्याकाळी दीर हजर. "दादा, किल्ली?"

हे गाद्यांवरचं प्लास्टिक सोडत होते. मान वर न करता म्हणाले, "हरवली."

"हरवली? अशी कशी?"

"आपोआप."

शर्टाच्या खिशात किल्ल्यांचा जुडगा फुगलेला स्पष्ट दिसत होता. दिरांनी तो पाहिला, माझ्याकडे पाहिलं. मी साबण घेऊन पाचव्यांदा हात धुवायला निघाले होते. जाता जाता दोन्ही पंजे त्यांच्या नाकासमोर धरले.

"बघा बरं भावजी, आपोआप जातोय का वास?"