वळणावरचा आरसा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. उंच, अरुंद आणि एका कोपऱ्याचा टवका उडालेला. उमेदीची वर्षं मी एका शिंप्याच्या दुकानात काढली. माणसं माझ्यासमोर गिरक्या घेत, पोट आत ओढत आणि कौतुक मात्र शिंप्याचं करत. पुढे दुकान बंद पडलं आणि मी एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात, भिंतीकडे तोंड करून, अडगळीत पडलो. आपलं आता संपलं, असं मला मनापासून वाटलं होतं.

मला बाहेर काढलं ते दोघी बहिणींनी. थोरली ओल्या चादरींची ढकलगाडी वाळवणीच्या खोलीकडे नेई. बोळाला उतार, पुढे वळण आणि वळणापलीकडे स्वयंपाकघराचं दार. भरलेली गाडी एकदा सुटली की आवरत नाही. आदल्याच आठवड्यात दारातून निघालेल्या स्वयंपाकीणबाईंचा पाय चाकाखाली सापडला होता. "आणखी एकदा असं झालं तर कामावर येऊ नकोस," मुकादमबाईंनी बजावलं होतं. घर तर थोरलीच्याच पगारावर चाललेलं.

धाकटी शाळेत नुकतीच सपाट आरशाचं परावर्तन शिकली होती. सुट्टीच्या दुपारी, बोळ मोकळा असताना, तिने खडू, दोरी आणि कोनमापक घेऊन जमिनीवरच आकृती काढली. कोपऱ्यात माझी रेघ. गाडी जिथपर्यंत आवरता येते, तिथे एक डोळा. दारापासून माझ्यापर्यंत एक किरण आणि माझ्यापासून डोळ्यापर्यंत दुसरा. माझ्या रेघेला काटकोनात काढलेल्या स्तंभिकेशी दोन्ही कोन सारखे येईपर्यंत तिने माझी रेघ पुन्हा पुन्हा पुसली. मग त्या रेघेवर मला नेमकं उभं केलं.

"ताई, तू गाडी आण. मी दारातून निघते. दिसले की थांब."

थोरलीने गाडीचं तोंड खडूच्या डोळ्यापाशी आणून माझ्यात पाहिलं. तिला नुसती भिंत दिसली. पोरगी अजून निघालीच नाही, असं समजून तिने गाडी सोडली. आणि मला मात्र दोघीही दिसत होत्या! मित्रांनो, त्या क्षणाइतका असहाय मी कधीच नव्हतो. 'थांब' म्हणून ओरडायला आरशाला तोंड नसतं.

धाकटीने चालता चालता माझ्यात पाहिलं. गाडीचं तोंड दिसलं, चादरींचा ढीग दिसला, ताई काही दिसेना. तिचं पाऊल अडलं. ती मागे सरून भिंतीला चिकटली आणि गाडी तिच्या फ्रॉकला घासून गेली.

थोरलीने कशीबशी गाडी भिंतीला टेकवली. "जीव घेशील माझा एक दिवस! मागे कशी सरलीस पण?"

"तुझे डोळे दिसले नाहीत, ताई. किरण जातो त्याच वाटेने परत येऊ शकतो. तू मला दिसत नाहीस, म्हणजे मीही तुला दिसत नसणार."

थोरली आकृतीजवळ उकिडवी बसली. "डोळा कुठे काढलायस बघ. गाडीच्या तोंडाशी! मी मागे उभी असते ना? का गाडीला डोळे आहेत?"

धाकटी हसायला गेली आणि रडायलाच लागली. मग दोघींनी मिळून तो डोळा पुसला, गाडीच्या मागे काढला आणि सगळे कोन नव्याने मोजले. या खेपेला थोरलीने बहिणीला दारात उभं राहू दिलं नाही. तिच्या जागी झाडू उभा केला. झाडू अगदी स्पष्ट दिसला.

तेव्हापासून मी याच वळणावर, स्क्रूने पक्का बसवलेला आहे. त्यानंतर इथे कुणाला गाडी लागलेली नाही. धाकटी आता मोठी होऊन दूर शिकायला गेली आहे. धुलाईखान्याची वाफ मात्र रोज माझ्या तोंडावर बसते. थोरली येता-जाता मला पुसते. ती रजेवर असली की कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि आंधळा होऊन मी चाकांचा आवाज ऐकत बसतो.

मित्रांनो, वळणावर असा धुरकटलेला आरसा दिसला, तर फडकं शोधत बसू नका, बाहीने पुसा. पलीकडून कुणाची तरी बहीण येत असते.