वाट थोरलीची, पाय धाकटीचे

रोज सकाळी टेकडीला फेरी मारून येणारी बाई घरातल्या स्टुलावरून पडली, यावर आधी कुणाचा विश्वासच बसेना. पडदा अडकवताना थोरलीचा पाय घसरला आणि घोटा मोडला. डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं आणि बजावलं, "दीड महिना पाय टेकायचा नाही."

थोरलीला घरात सगळे भिंगरी म्हणत. हे नाव सासऱ्यांनी ठेवलेलं. घरी बसून ती लोकांचे पडदे शिवायची, पण बसून म्हणजे नावालाच. एक शिवण झाली की बागेत, दुसरी झाली की परत बागेत. आता शिलाई मशीनचं पायडलही बंद आणि बागही बंद. पलंगाजवळच्या खिडकीतून शेजाऱ्यांची भिंत दिसे आणि तिच्यावरून खाली आलेला एक पाइप. त्या पाइपाचे सांधे तिला चारच दिवसांत पाठ झाले.

"अगं, पड की निवांत," नवरा म्हणाला. तो पोस्टात होता आणि सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत लोळायचा. "असा आराम कुणाला मिळतो?"

"मग तुम्ही मोडून घ्या पाय. मी येते पोस्टात जाऊन."

खरी घालमेल वेगळीच होती. कालव्याच्या वाटेवर हे दिवस रानफुलांचे. आठवड्याला वाटेचा रंग बदलायचा. थोरलीनं एकेकीला नावंही दिली होती. दुपारी मिटून जाणारी ती झोपाळू, कपड्यांना चिकटणारी ती चिडकी, केसाळ पानांची ती उंदीरकानी. या सगळ्या तिच्याशिवाय येणार आणि निघूनही जाणार, या विचारानं तिला झोप लागेना.

शेवटी तिनं धाकट्या जावेला वरच्या मजल्यावरून बोलावलं. धाकटी चष्म्याच्या दुकानात काम करायची, दुकान दहाला उघडायचं.

"माझं एक काम करशील?"

"चहा टाकू?"

"चहा नको. सकाळी कालव्यानं टेकडीपर्यंत जाऊन येत जा. काय फुललंय ते मला सांग."

वहिनींना गोळ्यांची गुंगी आली असावी असं धाकटीला वाटलं. तिचं चालणं म्हणजे घर ते बसस्टॉप. तरी वहिनींचा चेहरा बघून ती दुसऱ्या दिवशी गेली आणि चिखलानं माखून परत आली.

"पिवळं काहीतरी होतं."

"काहीतरी म्हणजे? पाकळ्या कशा? पानं कशी?"

"वहिनी, मी फुलं बघायला गेले होते, कोर्टात साक्ष द्यायला नाही."

पण धाकटीची नजर दुकानात बारीक स्क्रू शोधून तयार झालेली. हळूहळू तिला गवतातलं दिसू लागलं. चिडकीला कळ्या आल्यात, उंदीरकानी पुलापाशी संपली पण पुढे अजून आहे, अशा बातम्या ती पलंगाच्या कडेला बसून सांगायची. थोरली डोळे मिटून ऐकायची. ते दिवस बरे गेले.

मग एकदा धाकटीला यायला उशीर झाला. गाल लाल, केसांत काड्या.

"आज पुलावरून डावीकडे वळले."

"डावीकडे काही नाही. जुनी खाण आहे."

"खाणीतच उतरले! वहिनी, आतली सगळी भिंत फुलांनी निळी झालीय. इतकी वर्षं जाताय, कधी बघितलंच नाहीत?" तिची धाप अजून ओसरली नव्हती. "मी तिचं नाव निळाई ठेवलंय."

"अरे वा. आता तूही नावं ठेवायला लागलीस."

धाकटी हसली. थोरली हसली नाही.

त्या रविवारी थोरलीला पलंगावरून कुदळीचा आवाज आला. तिच्याच कुदळीचा. धाकटीनं खाणीतून निळाईचा एक झुबका आणला होता आणि नळाजवळच्या वाफ्यात लावत होती. तो वाफा थोरलीनं पुढच्या महिन्यासाठी मोकळा ठेवलेला. कुंपणापलीकडून शेजारीण ओरडली, "बाग कशी हसायला लागली गं तुझ्या हातानं!"

थोरलीनं उशी डोक्यावर ओढली. पण कान कुठे मिटता येतात?

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. तिनं कुबड्या घेतल्या, मागच्या पायऱ्या बसून बसून उतरली आणि वाफ्यापाशी गेली. निळाई एका ओढीत हातात आली. मुळं आखूड आणि पांढरी होती. तिनं तो झुबका कुंपणाच्या कोपऱ्यात पालापाचोळ्यावर फेकला. बरं मात्र अजिबात वाटलं नाही.

संध्याकाळी धाकटी वाफ्याजवळ बराच वेळ उभी राहिली.

"मांजर उकरत होतं मघाशी," थोरली आतूनच म्हणाली.

धाकटीनं ओल्या मातीतली गोल भोकं बघितली. आत येऊन कुबड्यांच्या चिखलानं माखलेल्या रबरी टोकांकडे बघितलं. "औषध घेतलंत?" एवढंच विचारलं आणि वर निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून तिचं फिरणं बंद. सकाळी तयार होऊन थेट बस. आता थोरलीचा जीव आणखीच वर-खाली होऊ लागला. आधी मत्सर तरी होता, सोबत बातम्याही होत्या. आता नुसता पाइप.

"टेकडीकडे काय चाललंय?" तिनं एकदा विचारून बघितलं.

"काय माहीत. माझ्या चपला तुटल्यात."

असा आठवडा गेला. मग एका सकाळी थोरलीनं कुबडी उचलून छताला दणके दिले. वहिनी पडल्या असं समजून धाकटी धावत खाली आली. तिचे केस अर्धेच विंचरलेले होते.

"मांजर नव्हतं," थोरली म्हणाली.

"माहितीये. मांजराला कुबड्या लागत नाहीत."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलताय का ते बघत होते."

थोरली चादरीचा काठ चुरगाळत राहिली. "मी इथे पडून आणि वाट तुझी झाली. बागही तुझी. ती खाण मला माहीत होती गं. आत उतरायची भीती वाटायची, म्हणून तिथे काही नाही असं मीच ठरवून टाकलं होतं."

धाकटी लगेच विरघळली नाही. "फुलाचं काही नाही हो वहिनी. पण मी हातानं लावलेलं ते पहिलं झाड होतं. माझ्याकडे तर निवडुंगसुद्धा मरतो."

"परत आण. मी हात लावणार नाही."

"नाही आणणार. पाय बरा झाला की तुम्हीच उतरा तिथे."

प्लास्टर निघालं तेव्हा पाय काडीसारखा झाला होता. डॉक्टरांनी थोडं थोडं चालायला सांगितलं. पहिल्या सकाळी दोघी बरोबर निघाल्या. पुलापर्यंत पोचतानाच थोरलीला धाप लागली. धाकटीचे पाय मात्र आता वाऱ्यावर होते, ती वहिनींसाठी दर चार पावलांनी थांबत होती.

"तू हो पुढे," थोरली म्हणाली.

धाकटी टेकडीच्या वळणाआड गेली. थोरलीनं कठडा घट्ट धरला. असं उभं राहून बघत बसणं तिच्यानं होईना. ती काठी टेकत डावीकडे वळली, खाणीच्या काठावर बसली आणि घसरत घसरत आत उतरली.

निळाई संपली होती. भिंतीवर नुसत्या वाळक्या शेंगा. तिनं एकेक फट न्याहाळली, एकही फूल उरलं नव्हतं.

"वहिनी!" वरून किंकाळी आली. "वेड लागलंय का तुम्हाला?"

"संपली गं ही."

"मग? मी सांगितलं असतं की!"

"सांगितलेलं ऐकून कंटाळले मी."

धाकटी खाली उतरली. तिनं वहिनींच्या काखेत हात घातला, दोघी दोनदा घसरल्या आणि तिसऱ्या खेपेला वर आल्या. त्या दिवशी धाकटी दुकानात उशिरा पोचली आणि थोरलीचा घोटा संध्याकाळपर्यंत भोपळ्यासारखा सुजला. डॉक्टर चिडले. आणखी एक आठवडा पलंग.

दुसऱ्या दिवशी धाकटी बूट घालून दारात आली. "कालव्याच्या वाटेनं जाऊ ना?"

"ती वाट झाली बघून," थोरली उशीला टेकून बसत म्हणाली. "टेकडीच्या मागे काय आहे, ते बघून ये. मी कधी गेले नाही तिकडे. आणि नावं तूच ठेव."