व्हर्नाचा नियम आणि गॉर्डीचा खोडरबर

आमच्या विस्कॉन्सिनमध्ये सध्या इतिहास जपणाऱ्यांची साथ आली आहे. पन्नास वर्षांपूर्वी आम्ही तळघरात बसून, फासे टाकून राक्षस मारायचो, तेव्हा गावाने आम्हाला वेड्यात काढलं. आता त्याच खेळाच्या पुस्तिका लोक हातमोजे घालून उचलतात. त्यातही न खेळलेली प्रत म्हणे सगळ्यात मोलाची.

या मंडळींचा म्होरक्या गॉर्डी हाल्वर्सन. खेळाच्या सुरुवातीच्या दिवसांवर तो ग्रंथ लिहीत होता. व्हर्ना लिंडक्विस्ट त्याला म्हणाली, "ज्याचं पात्र मरेल त्यानं घरी जायचं नाही, राक्षसांच्या बाजूनं खेळायचं, हा नियम माझा. सगळे तो माझ्या दिराच्या नावावर खपवतात."

तिच्या तळघरात मी किमान वीस वेळा मेलोय, नियम तिचाच. पण गॉर्डीला माझी साक्ष चालेना, कागद हवा. कागद होता: चौऱ्याहत्तर सालची पुस्तिका, समासात तिने पेन्सिलीने लिहिलेला नियम, खाली तारीख. तिने ती देऊन टाकली. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिला एवढंच हवं होतं, ग्रंथात आपलं नाव.

तीन आठवड्यांनी गॉर्डीने तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुस्तिका ठेवली, प्लास्टिकच्या पाकिटात.

"कशी चकाचक झाली बघा. संग्राहकांच्या तपासणीत दहापैकी साडेआठ गुण. सगळी गिचमिड खोडली, मऊ रबरानं, कागदाला ओरखडासुद्धा नाही."

व्हर्नाने पान उघडलं. समास कोरा होता.

"ती गिचमिड वाचलीस तरी का?" मी विचारलं.

"वाचणारच होतो. पण प्रत आली की आधी साफ करायची, मग वाचायची, अशी पद्धत आहे आमची. पेन्सिल दिसली की गुण कापतात." मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. कान लाल झाले, अक्कल मात्र आली नाही. "आता पुराव्याशिवाय नाव कसं छापू, व्हर्ना? शेवटी आम्ही इतिहासकार."

माकडाच्या हाती कोलीत परवडलं.

व्हर्नाने बॉलपेन उचललं, पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर तो नियम पुन्हा लिहिला, दाबून, आडवातिडवा. गॉर्डी खुर्चीतून उठलाच.

"अहो, शाई आहे ती! आणि आजची शाई पुरावा होत नाही."

"पुराव्यासाठी नाहीच," ती म्हणाली. "आता तू हिला हात लावणार नाहीस, तेवढ्यासाठी."

ग्रंथ वसंतात आला. नियम दिराच्या नावावर आहे. व्हर्ना एका तळटीपेत सापडते: खेळाडूंसाठी कॉफी ती करायची.

कॉफी मी करायचो.