उधळ्या तारा

अंबादासराव रिटायर झाले आणि दिल्लीतल्या सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडायची वेळ आली. खोकी बांधून तयार होती, पण उचलायला माणूस नव्हता.

"दर रविवारी स्पर्धा परीक्षेसाठी गावाकडून आलेल्या पोरांना जेवू घातलंत. आता आहे का कुणी?" द्वारकाबाई नवऱ्यावर करवादल्या.

त्यांची खगोलशास्त्रज्ञ लेक रेवती लॅपटॉपवर एका फुटलेल्या ताऱ्याची चित्रं बघत होती. साध्या प्रकाशात तो विझत चालला होता, पण क्ष-किरणांत आणि रेडिओ लहरींत त्याच्याभोवती लख्ख कडं दिसत होतं.

"आई, हा वायू त्यानेच पूर्वी उधळलेला. इतकी वर्षं दिसत नव्हता. स्फोटाचा धक्का पोचला आणि उजळला."

"तुझ्या बाबांसारखाच उधळ्या मेला!"

तेवढ्यात बेल वाजली. दारात प्रतीक होता, रविवारच्या पंगतीतला. त्याच्यामागे जिना पोरांनी भरला होता. कुणी साहेब झालेले, कुणी नापास होऊन दुकानात लागलेले.

"काकू, सामान कुठलं न्यायचंय?"

नवऱ्याकडे न बघताच द्वारकाबाईंनी सुरी घेतली आणि तवा-परातीचं बांधलेलं खोकं फाडलं.

"आधी जेवा. मग उचला काय ते!"